एच. पायलोरी : पहिला कोर्स फेल गेला, आता लिव्होफ्लॉक्सासिन की बिस्मथवाला चार औषधांचा?

कढीलिंब_नाशिक :

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, शेवटपर्यंत वाचा प्लीज. नवऱ्याला (वय ४१) उन्हाळ्यापासून पोटात वरच्या बाजूला दुखायचं, रात्री दोन-अडीचला उठून बसायचा, बिस्कीट-बिस्कीट खाल्लं की बरं वाटायचं. बरेच महिने पॅन्टोप्राझोलवर ढकलले, सासूबाईंच्या मते सगळा दोष मिसळीचा. शेवटी एंडोस्कोपी केली तर ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) अल्सर, आणि तिथेच घेतलेल्या तुकड्याची रॅपिड युरिएज टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणजे एच. पायलोरी, जठरात राहणारा जंतू. मग १४ दिवसांचा कोर्स झाला, इसोमेप्राझोल, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, सगळं दिवसातून दोनदा. एकही डोस चुकलेला नाही, मी स्वतः समोर उभी राहून दिलाय. दुखायचं थांबलं, आम्ही खूश. दीड महिन्याने स्टूल अँटिजेन (जंतूसाठी विष्ठेची तपासणी) केली तर परत पॉझिटिव्ह!!

आता एक डॉक्टर म्हणतात लिव्होफ्लॉक्सासिन + अमॉक्सिसिलिन + पीपीआय (पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोलसारखी आम्ल दाबणारी गोळी), १४ दिवस, गोळ्या कमी, सोपं काम. दुसरे म्हणतात अजिबात नको, बिस्मथ + टेट्रासायक्लिन + मेट्रोनिडाझोल + पीपीआय घ्या, दिवसाला १३-१४ गोळ्या. दोघंही अनुभवी, दोघांकडे बाहेर रांग. आम्ही मधल्या मध्ये लटकलोय. कुणी यातून गेलंय का? आणि हे कोर्स एकमेकांपासून नक्की कशात वेगळे आहेत ते साध्या भाषेत सांगेल का कुणी? गूगल केलं की डोकं फिरतं.

रांगडा_सातारी :

ताई घाबरू नका. मला २०१६ ला हेच झालेलं. मेडिकलमध्ये किट मिळतं ना, एका पट्टीत सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या गोळ्या, ते ७ दिवस घेतलं आणि विषय संपला, आजतागायत तर्री मारतोय. तुम्ही तेच किट परत एकदा घ्या, कधीकधी जंतू चिवट असतो, दुसऱ्या फटक्यात जातो.

केमिस्टकट्टा :

सातारकर, तेवढं सोडून काहीही सांगा. जो कोर्स फेल गेला तोच परत द्यायचा नाही, ही या आजारातली पहिली पायरी. क्लॅरिथ्रोमायसिनला जंतू एकदा सरावला की डोस वाढवून किंवा दिवस वाढवून काही उपयोग होत नाही, ते औषध त्याच्यासाठी बाद.

कढीलिंबताई, कल्याणला माझं मेडिकल आहे, डॉक्टर नाही, पण काउंटरवर उभं राहून जे दिसतं ते सांगतो. आधी एक यादी करा. मिस्टरांनी गेल्या आठ-दहा वर्षांत कुठकुठली अँटिबायोटिक्स खाल्ली? घसा धरला की अझिथ्रोमायसिन ५०० ची तीन गोळ्यांची पट्टी नेणारी माणसं रोज येतात आणि कोविडमध्ये तर विचारूच नका. अझिथ्रो आणि क्लॅरिथ्रो एकाच घराण्यातले, एकाला जंतू सरावला की दुसऱ्यालाही सरावतो. दुसरं, जुलाब लागले की आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. त्यातलं ऑफ्लॉक्सासिन हे लिव्होफ्लॉक्सासिनचं सख्खं भावंड आणि ऑर्निडाझोल हे मेट्रोनिडाझोलचं. म्हणजे चौपाटीवर भेळ बाधली म्हणून दोन दिवस गोळ्या खाल्ल्या, तेवढ्यात पायलोरीला दोन्ही घराण्यांची ओळख झाली. कोर्स अर्धा सोडला असेल तर अजूनच छान.

ही यादी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा. माझा अंदाज, लिव्होफ्लॉक्सवाले डॉक्टरही ती बघून थांबतील.

ओपीडी_नंतर :

ड्यूटी संपवून आलोय, त्यामुळे शुद्धलेखनाकडे बघू नका. पोटविकार विभागात काम करतो, पण पेशंट न बघता इथे प्रिस्क्रिप्शन देणार नाही, फक्त कोर्सेसमागचा विचार सांगतो.

हा जंतू जठराच्या आतल्या चिकट थराखाली राहतो. युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्याने युरियापासून अमोनिया तयार होतो आणि आजूबाजूचं आम्ल मारलं जातं, म्हणून तो तिथे तगतो. (तुकडा टाकल्यावर पिवळी जेली गुलाबी होते ती टेस्ट याच अमोनियावर चालते.) अमॉक्सिसिलिनसारखं औषध वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या जंतूला मारतं. जठरात आम्ल जास्त असेल तर जंतू गप्प बसून राहतो, वाढत नाही, आणि औषध त्याच्या अंगावरून जातं. पीपीआय देऊन आम्ल दाबलं की तो वाढायला लागतो आणि मग मरतो. त्यामुळे यातली पीपीआय ही ‘पित्ताची गोळी’ म्हणून दिलेली नसते, ती अर्धा उपचार आहे. दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी. बरेच लोक अँटिबायोटिक मनोभावे घेतात आणि ‘आता ॲसिडिटी कुठेय’ म्हणून हीच गोळी सोडतात.

आता कोर्स.

क्लॅरिथ्रो ट्रिपल, म्हणजे तीन औषधांचा, जो तुमचा झाला. १९९० च्या दशकात आला आणि जगभर गाजला, कारण सुटसुटीत. पण जिथे क्लॅरिथ्रोचा रेझिस्टन्स (म्हणजे औषधाला सरावलेल्या जंतूंचं प्रमाण) १५ टक्क्यांच्या वर आहे किंवा किती आहे तेच माहीत नाही, तिथे तो पहिला कोर्स म्हणून देऊ नये असं युरोपच्या मास्ट्रिख्ट गाईडलाईन्स सांगतात. २०२४ ची अमेरिकन गाईडलाईन तर म्हणते की जंतूची टेस्ट करून क्लॅरिथ्रो चालतंय हे कळल्याशिवाय वापरूच नका. आपल्याकडे २००३ साली अनेक शहरांतले नमुने एकत्र करून केलेला अभ्यास छापून आला होता, त्यातच क्लॅरिथ्रोला जवळजवळ ४५ टक्के आणि मेट्रोनिडाझोलला ७८ टक्के रेझिस्टन्स निघाला. शहरागणिक आकडे खूप बदलतात हे खरं, पण १५ च्या खाली असण्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

बिस्मथ क्वाड्रुपल : पीपीआय दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन ५०० चारदा, मेट्रोनिडाझोल तीनदा किंवा चारदा, १४ दिवस. पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांसाठीही आता हाच पहिल्या नंबरला आहे, आणि क्लॅरिथ्रो फेल गेल्यावर तर आहेच. तुम्ही विचाराल, मेट्रोला ७८ टक्के रेझिस्टन्स आणि तरी तेच? तर गंमत अशी की मेट्रोचा रेझिस्टन्स क्लॅरिथ्रोसारखा ठाम नसतो. डोस पुरेसा आणि दिवस पूर्ण १४ दिले, सोबत बिस्मथ असलं, तर लॅबमध्ये रेझिस्टंट दिसणारा जंतूही बऱ्याचदा मरतो. बिस्मथला स्वतःला रेझिस्टन्स येत नाही म्हटलं तरी चालेल आणि टेट्रासायक्लिनला बहुतेक देशांत फारच कमी. मात्र १४ चे १० केले, मेट्रो चारदाऐवजी दोनदा लिहिलं, की या कोर्सचा जीव गेला.

लिव्होफ्लॉक्स ट्रिपल : गोळ्या कमी हे बरोबर. पण या गटातली औषधं आपल्याकडे लघवीच्या इन्फेक्शनला, टायफॉइडला, जुलाबाला सर्रास चालतात, त्यामुळे रेझिस्टन्स भरपूर. आणि भारतात अजून एक भानगड, लिव्होफ्लॉक्सासिन हे टीबीच्या, त्यातही बिघडलेल्या टीबीच्या उपचारात लागतं. कुणाला लपलेला टीबी असेल तर दोन आठवड्यांच्या लिव्होफ्लॉक्सने तो अर्धवट दबतो आणि निदान लांबतं. शिवाय स्नायूबंध दुखणं, डायबेटिस असेल तर शुगर खालीवर होणं. २०२४ च्या गाईडलाईनप्रमाणे हेही जंतूची टेस्ट करूनच.

बाकीचे कोर्स थोडक्यात. सिक्वेन्शियल म्हणजे ५ दिवस दोन औषधं आणि पुढचे ५ दिवस वेगळी, इटलीत गाजलं, बाकीकडे तेवढी जादू दिसली नाही. कॉन्कोमिटंट म्हणजे क्लॅरिथ्रो आणि मेट्रो दोन्ही एकदम, म्हणजे एक तरी अँटिबायोटिक कुणाच्या तरी बाबतीत फुकट खायला घालायचं. रिफाब्युटिनच्या कोर्सची तयार कॅप्सूल अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली, पण ते रिफाम्पिसिनचं भावंड, टीबीच्या देशात हात आखडता घ्यावा.

रांगडा_सातारी :

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण मग मी कसा बरा झालो ७ दिवसात? माझ्या मेव्हण्याचंही त्याच किटने गेलं. मला तर वाटतं या गाईडलाईन्स म्हणजे महाग औषध खपवायचे धंदे.

ओपीडी_नंतर :

बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल, तिन्ही तुमच्या-माझ्या जन्माआधीची औषधं आहेत, पेटंट कधीच संपली, यातून कोण श्रीमंत होणार? ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि मंडळींनी १९८० च्या दशकात जंतू मारायला सुरुवात केली तीच बिस्मथ आणि मेट्रोने. मधली वीस वर्षं क्लॅरिथ्रोची हवा होती. (हो, तोच मार्शल ज्याने १९८४ मध्ये जंतूंचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्याला आणि रॉबिन वॉरनला मिळालं. अवांतर पुरे.)

तुम्ही कसे बरे झालात याचं उत्तर एका मोठ्या चाचणीत आहे. अमेरिका आणि युरोपात व्होनोप्राझन या नव्या आम्लशामक औषधाची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. त्यात तुलनेसाठी लॅन्सोप्राझोल + अमॉक्सी + क्लॅरिथ्रो असा आपला नेहमीचा ट्रिपल होता, तोही १४ दिवस. सगळे पेशंट धरले तर त्याने ६८.५ टक्के लोकांचा जंतू गेला. ज्यांचा जंतू क्लॅरिथ्रोला रेझिस्टंट होता त्यांच्यात फक्त ३२ टक्के. म्हणजे रेझिस्टंट असूनही तिघांतला एक बरा झालाच, तो घरी जाऊन सांगणार की किट भारी आहे. उरलेले दोघे कट्ट्यावर येत नाहीत, ते परत एंडोस्कोपीला येतात.

आणि राग मानू नका, तुमची नंतर टेस्ट केली होती का? दुखणं थांबणं आणि जंतू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. कढीलिंबताईंच्या मिस्टरांचंही दुखायचं थांबलंच होतं.

रांगडा_सातारी :

टेस्ट नाही केली :) करतो.

तोक्यो_लोकल :

इथल्या पद्धतीबद्दल लिहिते. जपानमध्ये जठराच्या कॅन्सरचं प्रमाण खूप, त्यामुळे पायलोरीचा धसकाच आहे. २०१३ पासून नुसती जठराची सूज असली तरी उपचार सरकारी विम्यात बसतो, त्याआधी अल्सर वगैरे लागायचा. मला ऑफिसच्या वार्षिक तपासणीत सापडलं, त्रास शून्य. मिळालं ते असं, व्होनोप्राझन २०, अमॉक्सी ७५०, क्लॅरिथ्रो २००, दिवसातून दोनदा, फक्त ७ दिवस. एका पाकिटात एका दिवसाचे सगळे डोस, सकाळचं वेगळं, रात्रीचं वेगळं, म्हातारी माणसंही चुकणार नाहीत असं. यानं गेलं नाही तर दुसऱ्या फेरीत क्लॅरिथ्रो काढून मेट्रोनिडाझोल घालतात, तेही ठरलेलं, डॉक्टर बदलला म्हणून कोर्स बदलत नाही. माझं पहिल्याच फेरीत गेलं, फुंकर टेस्टने खात्री केली.

मग प्रश्न पडतो की इथे ७ दिवसात होतं तर भारतात १४ दिवस १४ गोळ्या कशाला?

ओपीडी_नंतर :

चांगला प्रश्न. जपानमध्ये मेट्रोनिडाझोल मुळात फार कमी वापरलं गेलंय, त्यामुळे दुसरी फेरी मस्त चालते. आपल्याकडे उलट. म्हणून तिकडचा कोर्स इकडे जसाच्या तसा उचलता येत नाही. व्होनोप्राझन मात्र खरंच कामाची चीज आहे, आम्ल लवकर दाबतं, जास्त वेळ दाबून ठेवतं, जेवणाआधी-नंतरची कटकट नाही. पीपीआय काही लोकांच्या लिव्हरमध्ये फार पटकन मोडली जाते, तो प्रश्नही त्याला जवळजवळ नाही. हल्ली भारतात मिळतं. वर सांगितलेल्या चाचणीत व्होनोप्राझन आणि नुसतं अमॉक्सिसिलिन, एवढ्या दोघांनी ७७ टक्के काम झालं. रेझिस्टंट जंतूंमध्येही जवळपास ७०, आणि क्लॅरिथ्रो जोडून ६६. म्हणजे तिथे क्लॅरिथ्रो घातलं काय आणि नाही काय. बिस्मथ ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी हा पर्याय तुमच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, पण ७७ म्हणजे ९० नव्हे. या आजारात ९० च्या खालचा कोर्स आम्ही चांगला धरत नाही.

निसर्गमित्र_कुडाळ :

एवढी अँटिबायोटिक्स पोटात ओतण्यापेक्षा ज्येष्ठमध, ताक, सकाळी कोमट पाण्यात मध. माझ्या आत्याचा अल्सर कोकमाच्या आगळाने गेला. बाकी ज्याची त्याची श्रद्धा.

केमिस्टकट्टा :

ताक चालू ठेवा, फक्त टेट्रासायक्लिनच्या वेळेला नको, ते पुढे सांगतो. पण अल्सरवर आगळ?? आत्याबाईंना साष्टांग दंडवत.

(गंभीरपणे : या गोष्टींनी जंतूंची संख्या थोडीफार कमी होत असेलही, पण मुळापासून जात नाही, आणि हा जंतू १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या पहिल्या वर्गातल्या यादीत आहे, म्हणजे कॅन्सर करतो हे नक्की झालेलं. सगळ्यांना होतो असं अजिबात नाही, भारतात निम्म्याहून जास्त लोकांत जंतू आहे आणि त्यामानाने कॅन्सर कमी, मिझोरमसारखे अपवाद सोडले तर. पण सापडलाय, अल्सर झालाय, तर घालवायचाच.)

भाकरतुकडा :

उशिरा आले धाग्यावर. मी गेल्या वर्षी बिस्मथवाला केलाय, तोही क्लॅरिथ्रो फेल गेल्यावर, त्यामुळे ताई तुमच्यासाठी हा अनुभव अगदी ताजा.

खरं सांगायचं तर औषधांपेक्षा वेळापत्रक मारतं. मी फ्रिजवर तक्ता चिकटवलेला. सकाळी उठल्यावर पीपीआय, अर्ध्या तासाने नाश्ता, मग बिस्मथ-टेट्रा-मेट्रो, दुपारी तेच, संध्याकाळी सहाला पीपीआय सोडून तेच, रात्री जेवणाआधी पीपीआय आणि जेवून परत तेच. चहाचे वांधे होतात, कारण टेट्रासायक्लिन दुधासोबत, दह्यासोबत, कॅल्शियम-लोहाच्या गोळीसोबत घेतलं की पोटातच बांधलं जातं आणि फुकट जातं, म्हणून गोळीच्या आधी-नंतर दोन तास दुधाचा चहा बंद. मी चार वेळा औषध आणि चार वेळा चहा असं बसवायला गेले तर दिवस पुरेना, शेवटी कोरा चहा लिंबू पिळून. आणि ही कॅप्सूल ग्लासभर पाण्यासोबत, बसून, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. एकदा रात्री घोटभर पाण्यावर घेऊन झोपले तर अन्ननलिकेत अडकल्यासारखं जळजळलं, दोन दिवस घास गिळवेना.

तोंडाला चव म्हणाल तर तांब्याचा पैसा जिभेवर ठेवल्यासारखी, ती मेट्रोची. वरणभातही कडू. आंबट-तिखट लोणच्याचा खार जिभेला लावून जेवायचे. जीभ काळी पडली, संडासला काळी होते, हे बिस्मथमुळे, आधी माहीत असू द्या नाहीतर रक्त पडतंय म्हणून धावाल. (डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली, चक्कर आली, तर मात्र खरंच धावा.) उन्हात फिरले तर चेहरा भाजल्यासारखा लाल, ते टेट्रासायक्लिन. दुसऱ्या आठवड्यात मळमळ इतकी की सोडून द्यावंसं वाटलं, डॉक्टरांनी उलटीची गोळी आणि प्रोबायोटिक जोडून दिलं, त्यावर निभावलं. नंतरची टेस्ट निगेटिव्ह.

दारू घेत असतील तर पूर्ण बंद, संपल्यावरही तीन दिवस. मेट्रोबरोबर प्यायलेला माणूस मी पाहिलाय, आमच्याच बिल्डिंगमधला, लालबुंद होऊन ओकत होता.

हॅम्बुर्ग_ते_हडपसर :

जर्मनीत हेच एका कॅप्सूलमध्ये मिळतं. बिस्मथ १४०, मेट्रो १२५, टेट्रा १२५, अशा तीन कॅप्सूल चारदा, १० दिवस, वर पीपीआय. म्हणजे आकडा १४ च, पण डबी एकच आणि विचार करावा लागत नाही. मला डॉक्टरने पहिल्याच वेळी हे दिलं. याची युरोपातली चाचणी २०११ मध्ये आली होती, ज्यांनी नियमाने संपवलं त्यांच्यात ९३ टक्के, समोरच्या ७ दिवसांच्या क्लॅरिथ्रो ट्रिपलमध्ये ७०. मधेच सोडलेले, टेस्टला न आलेले सगळे धरले तर ८० आणि ५५. म्हणजे औषध चांगलं आहे पण माणूस मधे सोडतो, हे त्या दोन आकड्यांतच दिसतं.

कढीलिंब_नाशिक :

सगळ्यांचे खूप आभार, वाचनखूण साठवली आहे. यादी केली. गेल्या पाच वर्षांत अझिथ्रो कितीदा तरी (घशाचा त्रास आहे त्याला), ऑफ्लॉक्स-ऑर्निडाझोल प्रत्येक प्रवासानंतर, एकदा किडनी स्टोनच्या वेळी सिप्रोफ्लॉक्सासिन. टेट्रासायक्लिन कधीच नाही. ही यादी लिव्होफ्लॉक्सवाल्या डॉक्टरांना दाखवली तर ते स्वतःच म्हणाले, मग बिस्मथच घ्या. केमिस्टकट्टा, तुम्हाला नाशिकची द्राक्षं लागू.

आता नवीन अडचण. टेट्रासायक्लिन चार दुकानांत नाही. एक जण म्हणाला डॉक्सीसायक्लिन घ्या, तेच आहे, दिवसातून दोनच गोळ्या. घ्यावं का? आणि मेट्रोनिडाझोल चिठ्ठीवर ४०० आहे, इंटरनेटवर सगळीकडे ५००.

केमिस्टकट्टा :

४०० चं टेन्शन नको, आपल्याकडे गोळी २०० आणि ४०० चीच येते, ५०० परदेशात. म्हणून इथे ४०० लिहून दिवसातून तीनदा की चारदा हे डॉक्टर ठरवतात, ते नीट विचारून घ्या.

डॉक्सी ‘तेच’ नाही. घराणं एक, पण पायलोरीवर डॉक्सीचे निकाल टेट्रासायक्लिनपेक्षा कमी आलेत. दुकानदाराने परस्पर बदलून दिलं तर घेऊ नका. टेट्राचा खप कमी म्हणून किरकोळ दुकानदार ठेवत नाही, तो माल आहे, फक्त मागवावा लागतो. तुमच्या नेहमीच्या मेडिकलला चिठ्ठीचा फोटो द्या आणि होलसेलरकडून पूर्ण १४ दिवसांच्या कॅप्सूल एकदम आणायला सांगा. २५० ची मिळाली तर एका वेळी दोन, पण तेही डॉक्टरांना फोन करून. बिस्मथ १२० ची गोळी सहज मिळते. सगळं हातात आल्याशिवाय पहिला डोस घ्यायचा नाही, मधे एक औषध संपलं आणि चार दिवस गॅप पडला असं बघितलंय मी.

आणि मिस्टर कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ करायची गोळी घेतात का? वॉरफेरिन असेल तर मेट्रोने तिचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो, डॉक्टरांना आधी सांगा. कोलेस्टेरॉलच्या गोळीची भानगड क्लॅरिथ्रोबरोबर होती, इथे ती नाही.

कढीलिंब_नाशिक :

नाही, बाकी काही चालू नाही. नंतरची टेस्ट कधी आणि कुठली करू? मागच्या वेळी लॅबवाला रक्ताची करा म्हणत होता, स्वस्त म्हणून.

ओपीडी_नंतर :

रक्ताची अजिबात नको. ती अँटिबॉडी बघते आणि अँटिबॉडी जंतू गेल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहते. बरा झालेला माणूस त्यात पॉझिटिव्हच दिसणार आणि कुणीतरी परत कोर्स देणार.

स्टूल अँटिजेन किंवा यूरिया ब्रेथ टेस्ट, दोन्ही चांगल्या. ब्रेथमध्ये यूरिया गिळायला देतात आणि थोड्या वेळाने पिशवीत किंवा कार्डावर फुंकायला लावतात, जंतू असेल तर तो यूरिया फोडतो आणि त्याचा कार्बन श्वासात येतो. कोर्स संपल्यावर निदान ४ आठवडे थांबायचं, आणि टेस्टच्या आधी २ आठवडे पीपीआय बंद. पीपीआय चालू असताना जंतू दबून बसतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. पण अल्सर होता, त्यामुळे पीपीआय कधी थांबवायची हे तुमच्या डॉक्टरांना विचारून, मधल्या काळात साधं अँटासिड चालतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र आता विसरायच्या.

हेही फेल गेलं तर तिसऱ्या कोर्सचा अंदाज बांधत बसू नका. तेव्हा तुकडा घेऊन कुठलं अँटिबायोटिक चालतं ते तपासून घ्यावं, मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) होतं, जनुकीय टेस्टही होते.

कढीलिंब_नाशिक :

शेवटचा प्रश्न. मला आणि मुलीला (वय ९) टेस्ट करावी लागेल का? आम्ही एका ताटात जेवतो.

ओपीडी_नंतर :

जंतू बहुतेक वेळा लहानपणीच घरातून लागतो, तोंडावाटे नाहीतर विष्ठेने दूषित पाण्या-अन्नातून. मुलीला काही त्रास नसेल तर टेस्ट नको, लहान मुलांत बिनत्रासाचा जंतू शोधून मारत बसू नये असंच बालरोगवाल्यांचं म्हणणं आहे. तुमची करायला हरकत नाही, एकाला सापडल्यावर घरातल्या मोठ्यांची करावी हा विचार आता वाढतोय. मिस्टरांच्या घरात जठराचा कॅन्सर कुणाला होता का, ते मात्र विचारा.

कढीलिंब_नाशिक :

आत्ता सासूबाईंना विचारलं. सासरे पोटाच्या कॅन्सरने गेले, ५८ व्या वर्षी. आम्ही आजवर लिव्हरचा समजत होतो, जुनी फाईल काढली तर जठराचा लिहिलाय.

ओपीडी_नंतर :

मग हे तुमच्या डॉक्टरांना उद्याच सांगा, आणि दोन्ही दिरांना, नणंद असेल तर तिलाही टेस्ट करायला सांगा, त्रास असो नसो. आई-वडील किंवा भावंडांत जठराचा कॅन्सर असेल तर जंतू शोधून घालवायचाच. मिस्टरांच्या एंडोस्कोपीत जठराचे तुकडे पॅथॉलॉजीला गेले होते का तेही बघा, नुसत्या युरिएज टेस्टसाठी घेतलेला तुकडा पुरत नाही.

केमिस्टकट्टा :

दीर रोज सकाळी पॅन्टोप्राझोल खाणाऱ्यातले असतील तर टेस्टच्या दोन आठवडे आधी बंद करायला लावा, आणि मधे कुठलं अँटिबायोटिक झालं असेल तर चार आठवडे जाऊ द्या. स्टूलचा डबा लॅबमधून आणा, घरातली बरणी नको. टेट्रासायक्लिन नाशिकला नाहीच मिळालं तर व्यनि करा, कल्याणच्या होलसेलरकडे आज विचारलं, स्टॉक आहे.